मागील बाकी

नमुना नऊला तीन रकाने असतात:
मागील बाकी, चालू मागणी, एकूण.
एकवीस वर्षं आखतोय मी ते निळ्या शाईनं.
फुटपट्टी तेवढी दोनदा बदलली.

पंचायतीच्या खिडकीतून बाजाराची जागा दिसते.
शुक्रवारी कांदे, एरवी भाषणं.
दिगांबरभाऊ तिथं पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा म्हणाले,
"उधळपट्टी बंद! पै-पैचा हिशोब पाहिजे!"
मी टाळ्या वाजवल्या,
खिडकीच्या आत, एकट्यानं.

पुढच्या खेपेला गळ्यात दुपट्टा दुसरा.
"हिशोब मागणारे गरिबाचे वैरी. पाणीपट्टी अर्धी!"
आणि यंदा तिसरा, घडीसुद्धा मोडली नव्हती:
"माफ! मागची, पुढची, सगळी."
समोरचे, जे तेव्हा माफीवाले होते,
ते दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर चढून
"पै-पैचा हिशोब पाहिजे."
माईकवाला उकंडा चहा पिता पिता बोलला,
"पेनड्राइव्ह थोच हाय साहेब,
मी फक्त बॅनर बदलतो."

हसलो. मग रजिस्टर उघडलं.
'माफ' लिहायला त्यात रकाना नाही.

विहिरीवरची मोटार, साडेसात हॉर्सपॉवरची,
तिला भाषण ऐकू जात नाही.
तिला वीज लागते. व्हॉल्व्हला वायसर,
टाकीला ब्लीचिंग पावडर,
आणि पहाटे चारला उठून पाणी सोडणाऱ्या देवीदासला पगार,
जो चार महिने झाला नाही.
लोक म्हणाले, काहून भरायचं? माफच होनार हाय न.
ऐन वैशाखात लाइनमन आला. ओळखीचा.
मान खाली घालून तीन फ्यूज काढले,
पिशवीत टाकले, चहालाही थांबला नाही.

नवव्या दिवशी ग्रामसभा.
पंचफुलाबाई उठल्या, काखेत बचत गटाची पिशवी.
"मले एक सांगा. माफ म्हंजे कोनं भरलं?
आमच्या गटात कोनाचा हप्ता सोडला
तं थो वच्छलाच्या डब्यातून जाते.
आमी तिले इचारतो, तिच्या तोंडावर.
तुमी कोनाच्या डब्यातून काढता, थे नाव सांगा."

कुणी नाव सांगितलं नाही.
मागून एक आवाज आला, "बाई कोन्या पार्टीची हाय?"
तिकडं तिनं पाहिलंही नाही.
"महिन्याले धा रुपये वाढवा," म्हणाली.
"अन् पलीकडच्या वस्तीतले चौदा घरं, ज्यायले खरंच जमत नाही,
त्यायचं माफ करा. पन लिहून करा.
त्यायचं कोन भरनार, थेही लिहा."

ठराव पास झाला म्हणावं, तर तसं नाही.
सात हात वर गेले, दोन अर्धे.
कोरम नव्हता. सभा तहकूब.
सतरंजीवर एक चप्पल राहिली कुणाची तरी.

संध्याकाळी ती आली, साठ रुपये ठेवले,
जुन्या दराचे पन्नास, वरचे दहा.
म्हटलं, बाई, वाढ मंजूर नाही झाली अजून, वरचे घेता येत नाहीत.
"मंग पुढच्या महिन्यात धरा."
आगाऊ जमेचा रकानाही नाही हो नमुन्यात.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

वर्षअखेरची पानं ओढायची होती.
घर क्रमांक एकशे सतरा. दिगांबरभाऊंचं.
मागील बाकी पहिल्या दुपट्ट्यापासूनची.
तीन पक्ष झाले, ओळ एकच,
माझ्याच अक्षरात, दरवर्षी थोडी लांब.
बेरीज केली. हातचा एक विसरलो नाही.

बाहेर उकंडा माईक तपासत होता,
उद्या कुणाची तरी सभा:
"हॅलो, एक, दोन, तीन…
हॅलो, एक, दोन, तीन…"
चारपर्यंत तो कधी जातच नाही.