प्लिमथ, १९४८, चालू नाही

वाण्याच्या दुकानात पुठ्ठ्यावर एवढंच लिहिलेलं,
किंमत नाही. खाली एक बाण, घराकडे.

कोलेकल्याणच्या आतल्या गल्लीत, क्रूसाच्या मागे,
वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाखाली
फिलोमिना कोरियाने ताडपत्री ओढली
आणि म्हणाली, हात धुऊन लाव.
धुतले.
मग वाकून आधी खालचा पत्रा बघितला.
गंज खालून वर चढतो,
माणूस वरून खाली बघत येतो,
म्हणून तर आमचा धंदा चालतो.

लग्नाची गाडी होती, ती म्हणाली.
चर्चपासून मांडवापर्यंत, अर्धा मैल.
चारशे नवऱ्या नेल्या माझ्या नवऱ्याने,
एकीला उशीर नाही.
ती स्वतः तेवढी चालत गेली होती.
गाडी चालवणाराच त्या दिवशी अल्तारापुढे उभा.

काय भाव ठरला ते सांगत नाही.
क्रेनवाल्याने जास्त घेतले.

कुर्ल्याला हसनमियाँ चौगुल्यांच्या शेडमध्ये
मागची सीट उचलली, तर खाली तांदूळ.
मूठभर नाही, किलोभर म्हणा,
कुणी कुणावर उधळलेले,
पिवळे पडलेले, किडेसुद्धा कंटाळून सोडून गेलेले.
पोऱ्या झाडू घेऊन आला.
थांब, अनाज आहे, हसनमियाँ म्हणाले
आणि ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून झाकण लावलं.
डबा अजून फळीवर आहे.

बोनेटवरचं गलबत नव्हतं.
प्लिमथच्या नाकावर एक गलबत असतं, शिडं फुगलेलं.
इंदूरला विचारलं, कोइमतूरला विचारलं,
एकाने अमेरिकेतून मागवायचा भाव सांगितला,
तेवढ्यात आमच्याकडे स्कूटर येते.
शेवटी मिळालं दारूखान्यात,
खरी जहाजं कापतात तिथे,
नळांच्या, बिजागऱ्यांच्या ढिगात पालथं पडलेलं.
भंगारवाला म्हणाला, वजनावर घे.
घेतलं. चहापेक्षा थोडं महाग पडलं.

मग पॉलिश पेपर.
पांढऱ्याखाली पांढरा, त्याखाली क्रीम,
मग काळा, आणि छताला पिवळा.
टॅक्सी होती तर बाई!
फोन केला. पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
हे त्याने मला कधी सांगितलं नाही, ती म्हणाली.
आणि काळ्याच्याही खाली हिरवा,
पोपटी नाही, शेवाळी नाही,
जुन्या बँकेच्या पासबुकासारखा हिरवा.
कुठल्या बंगल्यातली, कोण जाणे.

गिऱ्हाईक नाशिकचे डॉक्टर गद्रे, हाडांचे.
त्यांना सगळं ओरिजिनल हवं.
कुठलं ओरिजिनल, मी विचारलं नाही.
बिलावर त्याला रकाना नाही.

सात महिने लागले.
हसनमियाँचा हातोडा पत्र्याला मारत नाही,
रुसलेल्या जावयासारखी त्याची समजूत घालतो.
सहा व्होल्टची बॅटरी, नवं वायरिंग, जुनाच हॉर्न,
आणि एका मंगळवारी दुपारी ती खोकली,
पुन्हा खोकली,
मग असा आवाज, जसं शेजारच्या खोलीत
कुणी जाड माणूस शांत झोपलाय.

डॉक्टरांचा माणूस शनिवारी येणार होता.
शुक्रवारी संध्याकाळी मी कोलेकल्याणला नेली.
फिलोमिना सपाता घालून बाहेर आली,
हिरव्या रंगाभोवती एक फेरी मारली.
ही आमची नाही, म्हणाली.
मी मागचं दार उघडून धरलं.
तिथे नवऱ्या बसतात,
असं म्हणत पुढे येऊन बसली,
मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर.

चर्चपासून घरापर्यंत, सेकंड गिअरमध्ये.
पोरं बाजूला झाली, एक कुत्रं झालं नाही.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
दारात उतरली,
पर्स उघडली,
आणि तोंडाची एक रेष न हलवता विचारलं,
किती झाले?