टोपण लावून काढलेले फोटो

ध्रुव दिसत नाही आमच्या गच्चीवरून.
भांडुपात तो एकोणीस अंशांवर, खालीच,
आणि तिथे नेमका बिल्डरने
सव्विसावा मजला चढवला.
अढळपद मिळालं बिचाऱ्याला,
व्ह्यू नाही मिळाला.

म्हणून मी अंदाजाने रोखते दुर्बीण.
एक तारा धरायचा, पाच मिनिटं बघायचा,
सरकला तर खालचा स्क्रू पाव आटा.
परत धरायचा.
टेलिफोन खात्यात तीस वर्षं हेच केलं.
एकशे अठ्ठ्याण्णववर तक्रार यायची, लाइनवर खरखर,
आणि मी रिसीव्हर कानाला लावून
खरखरीच्या मागे माणूस आहे का ते ऐकायचे.

स्वेच्छानिवृत्तीच्या पैशात
लोकांनी कामोठ्याला वन बीएचके घेतले.
मी ही नळी घेतली, स्वतःला गार ठेवणारा कॅमेरा,
आणि काचेची एक चकती
जी सगळ्या शहराला नाही म्हणते
आणि हायड्रोजनच्या एका लाल रंगाला हो.

जानेवारी. दव.
टाकीच्या आडोशाला, एलबीएस मार्गाकडे पाठ करून
मृगातल्या बाणाचा तो तारा,
उगवताना सगळ्यात खाली असतो तो.
त्याच्या शेजारी घोड्याचं डोकं आहे म्हणतात.
डोळ्यांना तिथे भांडुपचं आकाश आहे,
पातळ चहाच्या रंगाचं.

तीन मिनिटांची एक फ्रेम.
अशा एकशे चाळीस. अकरा रात्री.
सेक्रेटरी टिपणीस म्हणाले, गच्चीचं भाडं लावायचं का?
रामसजीवनने चोर समजून टॉर्च मारला,
मग सॉरी म्हणायला पुन्हा मारला.
डाबरेबाई वाळत घातलेला जवळा न्यायला आल्या,
स्क्रीनकडे वाकून म्हणाल्या,
हा तर माझ्या गुडघ्याचा एक्स-रे.
इथे झिजलंय.

शेवटी टोपण लावून फोटो काढायचे.
भिंगावर टोपण, तीच तीन मिनिटं, तेवढाच गारवा.
काळोखाचे वीस फोटो.
त्यांत कॅमेऱ्याचं स्वतःचं जे आहे ते येतं:
कोपऱ्यात एक उजेड, जो कुठेच लागलेला नाही,
दोन-तीन टिकल्या, अगदी ताऱ्यांसारख्या वागणाऱ्या.
ते सगळ्यातून वजा करायचं.

नलूशी मी नऊ वर्षं बोलले नाही.
त्यातलं तिचं किती
आणि किती माझ्याच टोपणाआतलं,
ते कधी मोजलं नव्हतं.

मग फ्रेमवर फ्रेम ठेवायची.
जे हलतं ते गळतं:
सांताक्रुझला उतरणारी विमानं, एक उपग्रह, वटवाघूळ,
संक्रांतीच्या रात्री कुणीतरी कंदील बांधून उडवलेला पतंग,
रामसजीवनचे दोन्ही टॉर्च.
जे अकराही रात्री जागच्या जागी
तेवढंच क्षीण राहिलं, ते हळूहळू वर येतं.

घोडा आला पहाटे पावणेचारला.
मागे लाल, आणि लालापुढे
मान वळवून उभी
धूळ.
इतके दिवस उजेड गोळा केला
आणि हाती आलं ते त्याच्या आड आलेलं.
तो उजेड निघाला तेव्हा
मराठी लिहून ठेवावी असं
बहुधा कुणाला सुचलंही नव्हतं.
मी चहा टाकला. दूध नासलं होतं.
कोराच प्यायले.

कॉम्प्युटर विचारतो: तेवीस फ्रेम बाद. पुसून टाकू?
नको.
'रद्द' नावाच्या फोल्डरात त्या आहेत,
डाबरेबाईंचा पुसट हात धरून.

सकाळी नलूला घोडा पाठवायला घेतला
आणि पाठवली ती संक्रांतीची फ्रेम:
काळ्यावर एक पिवळी वळवळती रेघ,
खाली काही लिहिलं नाही.

दुपारी तिचं उत्तर आलं.
फिरकी कुणाकडे आहे?