मुका फर्लांग

सदलग्याच्या माळावर शर्यत लागली
की मी गर्दीकडे पाठ करून बसतो.
ऐरण, पक्कड, डबाभर खिळे.
नालबंदाला टापा पुरतात.

बाळगोंडा मास्तर माईकवर होते
तेव्हा अर्धं मराठी, अर्धं कानडी,
मध्येच तंबाखू थुंकायला थांबणार.
"सबजा पुढं. कुमैत दीड गाडी मागं. नोड्री, नोड्री."
एवढंच. आणि पिवळ्या निशाणापासून
शेवटचा फर्लांग ते बोलायचेच नाहीत.
माईक टॉवेलात गुंडाळून मांडीवर.
सगळा माळ श्वास धरून,
आणि आठ नाल, मीच ठोकलेले,
माझ्याकडे येत.

आता सुदीप. एकसंब्याचा.
पोरगा वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही.
घोडी सुटायच्या आधी देणगीदारांची नावं,
सुटल्यावर ऊस रोपवाटिकेची जाहिरात,
"वादळ आलं वादळ, विमान आलं विमान!"
मर्दा, घोडा आलाय. घोडा म्हण की.

गंगव्वा भजी तळता तळता म्हणाली,
"मला तर हाच बरा.
मास्तरांचं बोलणं घोडेवाल्यांनाच कळायचं.
हा सांगतो तरी कोण कुणाचा, बक्षीस किती.
हातात झारा धरून मी कधी बघू शर्यत?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही.

चहाच्या गाड्यावर आप्पासाब:
पहिला मैल दुसऱ्याच्या धुळीत पळवावा,
दम मुठीत राखावा,
ओढ्याच्या वळणाला आतनं काढावं.
नातवानं फोन पुढं केला. ड्रोननं वरनं काढलेलं.
"आज्जा, आतनं गेलेली गाडी दरवेळी रुततीया.
वाळू हाय तिथं. पुराच्या साली आलेली."
तीस वर्षं आप्पासाबनं ते वळण
उभ्यानं बघितलं होतं.
बशीतला चहा निवला.

चाबूक बंद झाला. बरं झालं.
हे बोललो की म्हातारे उखडतात,
चाबकाच्या आवाजाशिवाय शर्यत कसली?
ते लांबनं बघतात.
मी पाय मांडीवर घेतो,
पाठीवरचे वळ माझ्या तोंडासमोर असायचे.

यंदा पिवळं निशाण आलं
आणि जनरेटर बंद पडला.
"वादळ आलं वा"
पुढं काही नाही.
किती वर्षांनी तो फर्लांग मुका.
हातोडी खाली ठेवली मी.
सबजा पुढं. अबलख मागं, जवळ येत.
आणि सबज्याच्या मागच्या उजव्या पायात
एक बारीकशी चूक:
टप टप टप चट,
टप टप टप चट.
नाल ढिला.
सकाळी गिऱ्हाईक रांगेत होतं,
आठाच्या जागी पाच खिळे मारले होते मी.

अबलख आला. मानेच्या फरकानं.
कल्लाप्पानं सबजा माझ्याकडे आणून बांधला,
काही न बोलता पाणी आणायला गेला.
घोडा तो पाय टेकवत नव्हता.

जनरेटर परत धडधडला.
सुदीप मंचावरनं उतरून धावत,
माईकची लांब वायर धुळीतनं ओढत:
"दस्तगीरचाचा, लोक विचारायलेत,
सबजा मागं का पडला? काय सांगू?"
माईकवर हात ठेवून उभा.
पहिल्यांदाच गप्प, माझ्यासाठी.

"दमला म्हणून सांग."

"सबजा दमला! कुदरी दणदैती!"
चारी भोंग्यांतनं, दोन भाषांत,
दूधगंगेच्या पल्याडपर्यंत.

मग रोपवाटिकेची जाहिरात लागली.
त्या गोंगाटात
मी उरलेले तीन खिळे ठोकले.