मुका

तेलावीच्या बाजारात ऑक्टोबरात
दोऱ्यात ओवलेले अक्रोड
द्राक्षांच्या दाट रसात बुडवून वाळत टाकतात.
दुकानादुकानावर तपकिरी मेणबत्त्यांसारखे लोंबतात.
मी रस्ता ओलांडते.
नुक्रीला आता सांगावं लागत नाही,
तो माझ्याआधी ओलांडतो.

नुक्रीला अक्रोड, दूध, तीळ.
थेब्रोनेला गहू आणि अंडं.
त्याचा जीव जाऊ शकतो.
तिचा जीव जात नाही, रात्र जाते:
पोट फुगून दगड,
आणि कण्हणाऱ्या त्या दगडावर
मी तेल चोळत बसते.
त्याचा पाव तिला चालत नाही,
तिचं चीज त्याच्यापासून वरच्या फळीवर, डब्यात डबा.
दोघांना मिळून चालतं ते
मक्याची मचादी, बटाटे, आलुबुखार, उकडलेली कोंबडी
आणि, देवाची दया, टरबूज.
झाझा म्हणतो, उपास काय, मठातले साधूही धरतात,
पण ते ईस्टरला सुटतात.

झाझाच्या भावाच्या लग्नात
बशीवर बशी चढली होती, टेबलाचं लाकूड दिसेना.
मी आमचा डबा उघडला.
म्झेकाला आत्या म्हणाली,
"आमच्या वेळी नव्हती ही थेरं.
कणभर जिभेला लाव, सवय होते."
मी पोराच्या ताटावर हात आडवा धरून बसले,
पाहुण्यांच्या देशात आग्रह मोडणारी बाई.

तिनं भरवलं नाही, हे खरं सांगायला हवं.
मुलांच्या नावानं प्याले उठले तेव्हा
तिचे डोळे भरून आले, एवढंच.
उठली, आली, आणि त्याच्या गालाचा मुका घेतला.
ओठांना सात्सिवीतला अक्रोड होता.

आधी ओठच उमटले गालावर,
लाल, रेखीव, खालचा ओठ जरा जाड.
मग गाल. मग डोळा मिटला.
मग तो खोकला तो खोकला मला ओळखू येतो.
नव्या पँटवरूनच सुई मांडीत,
दहापर्यंत मोजायचं असतं, मी सातला अडखळले,
पुन्हा सातपासून.
झाझानं गाडी काढली.
बँड वाजतच होता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्यानं माफी मागितली नाही.
पण दर रविवारी येते,
अंगणातल्या नळाशी उभी राहते,
साबणानं हात धुते, चूळ भरते,
रुमालाच्या टोकानं ओठ घासते, लाल होईस्तोवर.
मग दारात येऊन विचारते, "आता?"
मी मान हलवते.
ती फक्त डोक्यावर हात ठेवते त्याच्या.
मुका घेत नाही. मुकीच असते जरा वेळ.

आता माझं.
महिन्यातून एकदा कामासाठी तिबिलिसीला जाते.
बसस्थानकामागे एक बाई वांग्यात अक्रोड वाटून भरते.
मी तिथं उभ्यानं खाते, चोरासारखी,
बोटं चाटून.
माझी आई हिरवे अक्रोड सोलायची,
महिनाभर बोटं काळी.
त्याच काळ्या बोटांनी भरवायची मला.
मग नळावर दात घासते, दोनदा,
ओढणी पिशवीत कोंबून गाठ मारते,
आणि घड्याळ लावते:
चार तास. तोवर कुणाचा मुका घ्यायचा नाही.

परवा घाटात रस्ता मोकळा निघाला.
गाडी लवकर पोचली.
नुक्री फाटकातून धावत आला
आणि मी हात पुढे केला, हातभर लांब थांबवलं त्याला.
तो थांबला. माझ्या तोंडाकडे पाहिलं.
"खाल्लंस?"
हो म्हणाले.
रागावेल वाटलं. तो पायरीवर बसला, मला लांब बसवलं,
म्हणाला, "कसं लागतं?"

मी म्हणाले, काही विशेष नाही.
त्यानं नुसतं पाहिलं.
मग सांगितलं:
साल आधी कडू, जीभ आक्रसते,
मग आतून सायीसारखं काहीतरी...
पण साय कुठं ठाऊक आहे त्याला.
पावसात भिजलेल्या लाकडासारखं, म्हणाले. आणि गोड. उशिरा गोड.
तो डोळे मिटून ऐकत होता,
घशाखाली काहीतरी उतरत असल्यासारखा.

थेब्रोने दाराआडून बाहेर आली.
म्हणाली, "आता पावाचं सांग."