मडगाव

शेळीचं नाव मडगाव,
तिथल्या बाजारातून आणली म्हणून.
व्यायल्याला आठवडा झाला.
पाठीवर पोत्याचं झबलं.

नेत्रावळीत पहाटे धुकं असं
की रिवणहून दुधाला येणारी स्कूटर
आधी ऐकू येते,
मग कितीतरी वेळ येतच नाही.

सगूण काखेत हात उबवतो,
मगच सडांना लावतो.
गार बोटांना ती लाथ मारते. बरोबरच आहे.

रात्री मांडावर धालो होते.
पार्वण अजून त्याच चालीत,
दोन पावलं पुढे, वाकून, मागे,
बादली हिंदकळू न देता.

धाकटं करडू आज उठलं नाही.
त्याच्या वाटणीचं दूध
तिनं मापात ओतलं नाही.
काजूच्या मोहोराखाली वाटी ठेवली.

कुत्रा प्यायला तर पिऊ दे, म्हणाली.