खोका क्रमांक चार

न्यू ऑर्लिन्समध्ये तळघर खणता येत नाही,
दोन हातांवर पाणी लागतं.
म्हणून ऑनोरीनचे कागद मठाच्या माळ्यावर, कौलांच्या उन्हात.
सुती हातमोजे घालून मी दोरी सोडते.

आधी पावत्या.
अनाथाश्रमाला पाव, बावीस डॉलर.
पीतज्वरात गेलेल्या अकरा जणांना शवपेट्या,
रंग न दिलेल्या. रोख.
लेस धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून
एका झालरीमागे सहा सेंट मिळायचे तिला.
एका पेटीमागे किती झालरी, मी मांडू पाहिलं.
अर्ध्यात सोडून दिलं.

मग पत्रं. सगळी तिला आलेली.
'प्रिय ऑनोरीन, या महिन्यात पुन्हा ओढाताण आहे...'
लिहिणारी मादाम व्हेर्दिए,
जिच्या घरच्या यादीत ती होती एकेकाळी:
चांदीच्या किटलीच्या खाली, खेचराच्या वर.
प्रत्येक पत्राच्या पाठीवर परक्या अक्षरात:
पाठवले. पाठवले. पाठवले.
का, ते कुठेच नाही.

तिचं स्वतःचं अक्षरच नाही.
सहीच्या जागी फुली,
भोवती कारकुनाने लिहिलेलं: हिची निशाणी.
फादर ऑब्री भिंग धरून म्हणतात, "पाहा, क्रूस!"
त्यांना हे सगळं रोमला पाठवायचंय,
एखादा चमत्कार सापडतो का विचारतात.
"फुली आहे, फादर. लिहिता येत नव्हतं."

खरेदीखत मी त्यांना शेवटी दाखवते.
सेलेस्त, वय एकतीस, डाव्या कानाने बहिरी,
किंमत सातशे. घेणार: ऑनोरीन.
सेलेस्त तिची पाठची बहीण.
मुक्त केली असती, तर महिन्याच्या आत
तिला राज्य सोडावं लागलं असतं.
म्हणून नऊ वर्षं बहीण बहिणीची मालकीण,
एकाच पांघरुणात.

फादर चष्मा पुसत राहतात.

नोंदवहीत रकाना आहे: विषय.
कुटुंब लिहू, की मालमत्ता?
दोन्हीपुढे जागा सोडून मी कागद उजेडाकडे धरते.
कुणीतरी तो मुठीत आवळला होता,
घड्या अजून दिसतात, पांढऱ्या शिरांसारख्या,
आणि कुणीतरी त्यावरून इस्त्री फिरवली आहे.
खालच्या कोपऱ्यात टोकाचा तपकिरी डाग.

पेन्सिलीने लिहिते:
भाजल्याची एक खूण. हस्ताक्षर तिचे.
"असं चालणार नाही," फादर म्हणतात.
मी खोडते.
ते जिना उतरून गेले की पुन्हा लिहिते.