अ.पा.क.

अज्ञान वारसाच्या नावापुढे सातबाऱ्यावर
आम्ही तीन अक्षरं लिहायचो: अ.पा.क.
अज्ञान, पालन करणारा.
किल्ले गावठाणची ती नोंद माझ्याच शाईतली:
केसरीनाथ हसुराम घरत, वय बारा,
रोहिदास हसुराम घरत, वय नऊ,
अ.पा.क. चुलता पदाजी.

धाकटा आधी आईजवळ होता, दिवाळ्याला, तिच्या माहेरी.
पदाजी गेला, ओट्यावर बसला, पाणीही घेतलं नाही.
म्हणाला, वहिनी, थोरल्याला एकट्याला करमत नाही.
तिने भांग पाडला, वरची गुंडी लावली
आणि आपल्या हाताने
त्याचा हात दिला.

शिमग्यापर्यंत दोघे दिसायचे
बुरुजाच्या पडक्या अंगाला, गलोल घेऊन,
चिंचेवर नेम धरत.
मग नुसते माडीच्या खिडकीत.
मग एकच.
मग खिडकी.

कोण म्हणे खाडीत गेले, कोण म्हणे सुरतेला कुणाच्या बोटीवर.
पदाजी वाईट नव्हता हो.
दरसाल शाळेत वह्या वाटायचा दोघांच्या नावे.
पश्चात्ताप की माया,
याला फेरफाराच्या वहीत रकाना नाही.

सात वर्षं भरली, कोर्टाचा कागद आला,
साडेबारा टक्क्यांचा भूखंड मोकळा झाला.
मी दोन्ही नावांना कंस केला.
कमी केलेल्या नावाला कंसच करतात, दुसरी खूण नाही.
भाच्यांच्या जिवावर उठलेला तो मामा
तेव्हा नाही आठवला.
घरी हात धुताना आठवला.

इमारतीच्या जिन्यासाठी खणलं तेव्हा हाडं लागली, बारीक.
मुकादम म्हणाला, कुत्र्याची.
सिमेंटच्या गोणीत भरून खारफुटीत टाकली
आणि पंचनाम्यावर पंचांनी अंगठे दिले.

परवा नातीच्या पुस्तकात निघालं
विलायतेतलं, पाचशे वर्षांमागचं:
दोन पोरं, एक बुरूज, गादीवर चुलता.
आजोबा, मग मारलं कोणी?
मी म्हटलं, पुस्तकात काय दिलंय?
माहीत नाही, असं दिलंय.

यमुनाबाई दर जूनला कचेरीत यायची,
दोन रुपये देऊन उतारा काढायची.
वाचता येत नव्हतं. म्हणायची, बोट ठेव बरं.
मी कंसाच्या आत बोट ठेवायचो.
हायेत ना रं?
आहेत, म्हणायचो.
आणि ते काही खोटं नव्हतं.